केसाहून बारीक फट

वरंधा घाट चढून आलेली आमची गाडी हिर्डोशीत येऊन बंद पडली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मे महिना. डांबर मऊ झालेलं. खाली नीरा-देवघर धरणाचं पाणी आटत आटत पार लांब गेलेलं, आणि मधे नुसती भेगाळलेली माती. गाडीत आम्ही पाच जण होतो. मी, माझी बहीण, दाजी, सातवीतली माझी भाची आणि अकरावीतला तिचा भाऊ. रायगड पाहून महाडमार्गे पुण्याला परत निघालो होतो.

तुमच्यापैकी काही जण या रस्त्याने गेले असतील. महाड समुद्रसपाटीच्या जवळ. तिथून माझेरी सोडलं की वळणांवर वळणं. वाघजाईच्या देवळापाशी गाड्या थांबतात, भजी खाल्ली जातात, खाली शिवथरघळीकडची दरी पाहिली जाते. मग कावळ्या किल्ल्याची खिंड ओलांडली की भोर तालुका. पुढे शिरगाव, म्हणजे नीरा नदीचा उगम, आणि मग हिर्डोशी.

घाटातल्या शेवटच्या वळणांवर भाचीने विचारलं होतं, "बाबा, तो काटा लाल रेघेत का गेलाय?"

दाजी म्हणाले, "चढ आहे ना, म्हणून. माथ्यावर गेलो की येईल खाली."

आणि खरंच आला की! शिरगावच्या अलीकडे काटा झपकन खाली उतरला. दाजींनी बंद केलेला एसी पुन्हा लावला. "बघितलंस? वारा लागला घाटमाथ्याचा!" आम्ही सगळे खूश. पुढच्या पाचसहा किलोमीटरमध्ये काय झालं ते सांगतो. आधी बॉनेटखालून टिक् टिक् टिक् असा आवाज येऊ लागला. मग गाडीत जीवच नाही असं वाटू लागलं, पाय दाबला तरी पळेना. आणि मग एक कुर्र असा आवाज करून ती उभी राहिली. किल्ली फिरवली तर नुसतं 'टक'. इंजिन हलायलाच तयार नाही.

रस्त्याकडेच्या घरातल्या एका मावशींनी आपणहून पाण्याची कळशी आणून दिली. (पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो, मे महिन्यात बायका डोक्यावरून पाणी आणतात. म्हणून ती कळशी लहान समजू नका.) दाजींनी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. तेवढ्यात मावशींचे सासरे ओरडले, "हात नगा लावू! तोंड भाजंल!"

म्हातारबांना गाडी चालवता येत नव्हती. पण या रस्त्याकडेला त्यांनी जन्म काढला होता, आणि घाट चढून तापलेल्या किती गाड्या त्यांच्या दारात उभ्या राहिल्या असतील त्याची गणती नाही. त्यांचं अगदी बरोबर होतं. घरचा कुकर आठवा. कुकरमध्ये दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास जातं. गाडीच्या रेडिएटरचं टोपणही तसंच दाब धरून ठेवतं. तापलेल्या गाडीचं टोपण उघडणं म्हणजे शिट्टी होत असताना कुकरचं झाकण उघडणं. शिवाय लालबुंद तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर त्याचं डोकं, म्हणजे वरचा 'हेड' नावाचा भाग, तडकू शकतो. गरम काचेच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतून पाहिलंय कधी कुणी? नका पाहू.

तर कळशीतलं पाणी आम्ही प्यायलो आणि भोरहून मेकॅनिकची वाट पाहत बसलो.

मेकॅनिककाका मोटारसायकलवरून आले. आधी त्यांनी गाडीकडे नाही, दाजींकडे पाहिलं. "काटा वर गेला व्हता का?"

"गेला होता, पण मग आपोआप खाली आला."

"खाली आला नाही साहेब, पाणी संपलं. त्यो काटा ज्या सेन्सरवर चालतो ना, त्यो पाण्यात बुडालेला आसंल तेव्हाच खरं बोलतो. पाणीच नाही म्हटल्यावर काय सांगणार?"

आम्ही गप्प. रबराचा एक नळ खालच्या बाजूने फाटला होता. पाणी चढावरच वाहून गेलं होतं. काटा खाली आला तो क्षण आनंदाचा नव्हता, सगळ्यांत वाईट होता.

काकांनी इंजिन पुरतं गार होऊ दिलं. प्लग काढले. मग चाकाच्या बाजूने मोठा पाना घालून क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहिला. आम्ही श्वास रोखून उभे. फिरला! भाचीने टाळ्या वाजवल्या. पण काका मान हलवत होते. "फिरतंय. पण घासतंय. पिस्टनने धरलं व्हतं, गार झाला म्हणून सोडलं."

धरलं म्हणजे काय, आणि सोडलं म्हणजे काय? पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांची आहे.

पिस्टन म्हणजे काय हे तुम्हाला थोडंफार माहीत असेल. उपड्या ठेवलेल्या वाटीसारखा ॲल्युमिनियमचा एक भाग. तो सिलिंडर नावाच्या गुळगुळीत नळकांड्यात वर-खाली धावतो. वर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं, त्याच्या धक्क्याने पिस्टन खाली ढकलला जातो, आणि कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्ट फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो. म्हणजे सेकंदात १०० वेळा थांबून उलटा फिरतो! एका बाजूचा प्रवास ७५ मिलिमीटरचा धरला, तर त्याचा सरासरी वेग ताशी २७ किलोमीटर होतो. बोटभर जागेत एवढी पळापळ.

आता असं पाहा. पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी घट्ट बसला तर हलणारच नाही. फार सैल बसला तर जळालेला वायू बाजूने निसटून जाईल, खालचं तेल वर येऊन जळेल, आणि पिस्टन भिंतींवर आपटत राहील. म्हणून दोघांत थोडीशी फट ठेवतात. गॅरेजमध्ये तिला क्लिअरन्स म्हणतात. आजच्या लहान मोटारीच्या इंजिनात ही फट साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर असते. तुमच्या डोक्याचा एक केस असतो सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड. तो या फटीत जाणार नाही! शिवाय ही दोन्ही बाजूंची मिळून फट झाली. पिस्टन बरोबर मधोमध असेल, तर एका बाजूला त्याच्या निम्मीच. जुने मिस्त्री अजून थाऊमध्ये बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "दीड थाऊ ठेव," म्हटलं की समजायचं, ०.०४ मिलिमीटरच्या जवळपास.

एवढीशी फट ठेवून वर्षानुवर्षं गाडी पळवायची म्हणजे अवघडच. त्यात खरा खोडकर आहे तो म्हणजे उष्णता.

धातू तापला की प्रसरण पावतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. परीक्षेत रेल्वेच्या रुळांमधल्या फटीचं उदाहरण लिहून मार्कही मिळवले असतील. पण आपल्याकडचं त्याहून सुंदर उदाहरण म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव. लोहार लाकडी चाकापेक्षा किंचित लहान लोखंडी धाव बनवतो. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतो. तापली की ती वाढते आणि चाकावर अलगद बसते. मग तिच्यावर पाणी ओतलं की चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि धाव आकसून चाकाला अशी आवळून बसते की खिळ्यांचंही फारसं काम उरत नाही.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोगही आहे. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकलेत, निघत नाहीत. आई काय करते? आतल्या पेल्यात गार पाणी ओतते आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरते. आतला आकसतो, बाहेरचा वाढतो आणि दोघं सुटतात. (पाणी कोमटच घ्या, उकळतं नको. आणि मोठं माणूस जवळ असू द्या.) आता याच्या उलट कल्पना करा. आतला पेला तापवायचा आणि बाहेरचा गार ठेवायचा. ते आणखी घट्ट होतील ना? इंजिनात नेमकं हेच चाललेलं असतं. पिस्टन आतला पेला, आणि तोच जास्त तापतो.

वहीपेन्सिल घ्या, आकडेच मांडू. पिस्टनचा व्यास ७५ मिलिमीटर. पिस्टनसाठी ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळतात, त्यामुळे त्याचं प्रसरण थोडं कमी होतं. तरीही तापमान १०० अंशांनी वाढलं की असा पिस्टन सुमारे ०.१५ मिलिमीटरने वाढतो. सिलिंडरची आतली भिंत बिडाची. बीड ॲल्युमिनियमच्या निम्म्याने वाढतं, म्हणजे ०.०८ मिलिमीटर. दोघांच्या वाढीतला फरक ०.०७. आणि आपली फट किती? ०.०४!

मग रोज सकाळी तुमच्या बाबांची गाडी दहा मिनिटांत जाम का होत नाही?

हा प्रश्न मी भोरच्या गॅरेजमध्ये विचारला. चार दिवसांनी भाचीला घेऊन मी तिथे गेलो होतो. सुट्टीच होती, आणि तिला इंजिन उघडलेलं पाहायचं होतं. काकांनी चार पिस्टन फडक्यावर मांडून ठेवले होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. मायक्रोमीटर भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, मोज. आधी असा, मग आडवा."

तिने मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामा, हा गोल नाहीये!"

खरंच, पिस्टन गोल नसतो. डोळ्यांना दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल. आडवी पिन ज्या दिशेने जाते, त्या दिशेला तो काही दशांश मिलिमीटरने अरुंद ठेवलेला असतो. कारण पिनेभोवती धातू जाड असतो आणि तापल्यावर तो त्याच दिशेला जास्त पसरतो. आणखी एक गंमत म्हणजे तो वर आणि खालीही सारखा नसतो. वरचा माथा आगीच्या जवळ. तिथे ज्वाला दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि माथ्याचं तापमान २५० ते ३०० अंशांपर्यंत पोचतं. खालची कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती बरीच गार. म्हणून माथा खालच्या भागापेक्षा चक्क अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लहान करतात. गार असताना पिस्टन वाकडातिकडा असतो, आणि कामाला लागून तापला की हवा तसा होतो! ती केसाहून बारीक फट मोजायची ती फक्त स्कर्टच्या सगळ्यांत रुंद जागी. आणि स्कर्ट पातळ असतो, थोडासा लवचीक असतो, त्यामुळे तापल्यावर दाबून घेतो.

पण हे सगळं गणित एका अटीवर चालतं. पिस्टनची उष्णता सतत बाहेर जात राहिली पाहिजे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हे विसरू नका. पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्या असतात. पिस्टनमधली बरीचशी उष्णता या रिंगांतून भिंतीत जाते, भिंतीतून बाहेरच्या पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये आणि तिथून वाऱ्यावर. बाकीची खालून उडणारं तेल घेऊन जातं. शिवाय तेल भिंतीवर पातळसा थर धरतं. पिस्टन खरं तर भिंतीला लागतच नाही, तो तेलावरून घसरतो.

आता शिरगावच्या उतारावर आमच्या इंजिनात काय झालं ते तुम्हीच सांगू शकाल. पाणी गेलं. भिंतीला उष्णता देता येईना. पिस्टन तापत गेला, फुगत गेला. तेलाचा थर पातळ होत होत जळून गेला. मग ॲल्युमिनियम थेट बिडावर घासलं. घासल्याने आणखी उष्णता, त्याने आणखी फुगणं. टिक् टिक् आवाज त्याचा होता. शेवटी त्याने भिंत धरली. गार झाल्यावर आकसला आणि सोडली. पण तोवर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे उठले होते, नखाला लागतील असे. पिस्टनच्या एका अंगाला ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलं गेलं होतं.

ॲल्युमिनियमचा पिस्टन वापरायचा, ही कल्पना लोकांना एकेकाळी वेडेपणाची वाटायची. पूर्वी पिस्टन बिडाचे असत. जड, पण सिलिंडरही बिडाचाच, दोघं सारखे वाढत आणि भांडण होत नसे. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली नावाचा एक तरुण इंग्रज इंजिनिअर फ्रान्समधल्या एका मोटार कारखान्यात गेला होता. तिथे टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक छोटासा ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याने पाहिला. शोभेची वस्तू! त्याच्या मनात आलं, हा खऱ्या इंजिनात घातला तर? ॲल्युमिनियम वितळेल, असं जाणकारांचं म्हणणं. त्याने ८८ भाग ॲल्युमिनियम आणि १२ भाग तांबं यांचा मिश्रधातू घेऊन पिस्टन करवले, आणि ते टिकले. ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेतं, म्हणून माथा उलट गार राहिला. हलकं असल्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरू लागलं. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही असे पिस्टन बसले. आपल्या नावाची मोटार त्याने त्यानंतर काढली.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर, जेम्स वॉटला पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीनेच रडवलं होतं. त्याच्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर आतून नीट गोल कुणाला करताच येईना. वाफ बाजूने निसटून जायची. १७७५ च्या सुमाराला जॉन विल्किन्सनने तोफा कोरायच्या यंत्राच्या धर्तीवर सिलिंडर कोरून दिला. मोठ्या थोरल्या सिलिंडरात कुठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, याचं त्या काळी केवढं कौतुक झालं! आज तेवढ्या चुकीचा सिलिंडर भंगारात जाईल.

इतकं लांब कशाला, आपल्याकडचंच बघा. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली. विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन तुमच्या आजोबांनी नक्की पाहिलं असेल. एका सिलिंडरचं, मिनिटाला दीड हजार फेरे घेणारं. त्याची मोटारीशी तुलना करणं म्हणजे बैलाची घोड्याशी. मोटारीचं पेट्रोल इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत जातं. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथे गाड्यांची आणि इंजिनांची कसून तपासणी होते, धुरात काय काय आहे तेही मोजतात.

धुराचा विषय निघाला ते बरं झालं. कारण आजच्या गाड्यांत फट इतकी बारीक का झाली, त्याचं एक मोठं कारण धूर आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. पिस्टन सैल असला की तेल वर येऊन जळतं, आणि धूर साफ करण्यासाठी सायलेन्सरच्या नळीत बसवलेला कन्व्हर्टर त्याने खराब होतो. पिस्टनचा माथा आणि भिंत यांच्यामधल्या खाचेत थोडं पेट्रोल दडून बसतं आणि न जळताच बाहेर जातं. मग काय, खाच कमी करा, रिंगा बारीक करा, तेल पातळ वापरा! पिस्टनच्या अंगावर काळा ग्रॅफाइटचा लेपही देतात, म्हणजे चुकून घासलाच तर तो लेप घासेल. फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या गाड्या तर या बाबतीत टोकाच्या. त्यांची इंजिनं इतकी घट्ट की गार असताना ती सुरूच करत नाहीत. आधी बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवून इंजिन कोमट करतात, मग सुरू करतात.

या सगळ्यामुळे नवं इंजिन वाईट झालं असं मला म्हणायचं नाही. ते कमी पेट्रोलमध्ये जास्त पळतं, कमी धूर सोडतं, आणि नीट ठेवलं तर लाखो किलोमीटर जातं. पण चूक पोटात घालणं त्याला जमत नाही. जुनी जीप तापली तर ड्रायव्हर तिला झाडाखाली उभी करायचा, विडी ओढायचा, पाणी घालायचा आणि पुढे जायचा. नव्या गाडीत तेवढी उसंत मिळेलच असं नाही.

कधी कधी चूक कारखान्यातच राहून जाते. २०१५ साली ह्युंदाई कंपनीने अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर क्रँकशाफ्टला तेलाची भोकं पाडताना निघालेला धातूचा चुरा पुरता साफ झाला नव्हता. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधली फटही अशीच केसाहून बारीक. तिच्यातला तेलाचा रस्ता चुऱ्याने अडला तर इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकतं. एक चिमूटभर चुरा!

आणि पाणी? पाणी नसल्याने इंजिन मरतं तसं पाणी आत गेल्यानेही मरतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. रस्त्यात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिचकारीचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून बघा, आधी नुसत्या हवेने आणि मग पाणी भरून. फरक लगेच कळेल. पिस्टन वर येतो, पाणी त्याला अडवतं, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा किल्ली मारून सुरू करायची नसते, ढकलत बाहेर काढायची असते. बाबा किल्लीला हात घालायला लागले तर तुम्ही त्यांना अडवा.

सकाळी गाडी सुरू केल्या केल्या येणारी टकटकही आता तुम्हाला ओळखता येईल. गार पिस्टन आकसलेला असतो, फट जरा मोठी असते, तो भिंतीवर आपटतो. तापला की आवाज जातो. जात नसेल तर मात्र गॅरेज गाठायचं. आणि गार इंजिन सुरू करून लगेच घुर्र घुर्र रेस करणारा कुणी शेजारी असेल, तर त्याला हा अंक वाचायला द्या.

आमच्या गाडीचं काय झालं? जुन्या इंजिनात सिलिंडर थोडा मोठा कोरून पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवता यायचा. मिस्त्री त्याला ओव्हरसाइज म्हणतात. या इंजिनाला तसे पिस्टनच मिळत नव्हते. बिडाची भिंत इतकी पातळ की कोरायला जागा नाही. इंजिनाचा सगळा खालचा भागच बदलावा लागला. आकडा ऐकून दाजी गॅरेजमधल्या बाकावर बसले. काकांनी त्यांना चहा दिला. पाचसहा किलोमीटर आधी गाडी थांबवली असती तर रबराचा नळ आणि पाणी, एवढ्यावर भागलं असतं. सायकल घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेले भाचीचे पैसेही त्यात गेले. ती काही बोलली नाही. काटा लाल रेघेत गेलाय हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं, हे दाजींना आठवत होतं. घरी परतताना ते म्हणाले, "दिवाळीला नक्की." दिवाळीला सायकल आली.

निघताना काकांनी तो ओरखडे पडलेला तिसरा पिस्टन घासलेटमध्ये धुऊन, पुसून तिच्या हातात दिला होता. "घे ताई, भंगारात देऊन काय मिळणार?" आता तो तिच्या टेबलावर उपडा असतो, कागद उडू नयेत म्हणून. मी तिला अजून बेंटलीची गोष्ट सांगितलेली नाही, ती आता इथेच वाचेल. तिच्या भावाने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन पिस्टनचा खालचा, न घासलेला भाग व्हर्निअर कॅलिपरने मोजला. व्हर्निअरवर एक दशांश मिलिमीटरपर्यंतच वाचता येतं. तेवढ्यातही दोन दिशांना दोन आकडे आले. त्याच्या सरांनी त्याला आधी सांगितलं, "तुझं वाचन चुकलं, परत मोज." त्याने परत मोजलं. मग सरांनी स्वतः मोजलं.